मिंगचा दरारा कशात आहे

‘फ्लॅश गॉर्डन’ या अमेरिकी अवकाश-साहसाच्या चित्रमालिकेतला मिंग म्हणजे नुसता दातओठ खाणारा खलनायक, असं कुणी म्हणतं ते मला अजिबात पटत नाही. तो अख्ख्या मोंगो ग्रहाचा सम्राट आहे, आणि त्याची खरी ताकद शस्त्रांपेक्षा इतरांच्या दुहीत आहे. सिंहमानवांचा थुन, पंखवाल्या माणसांचा राजा व्हल्टन, अर्बोरियाचा बॅरिन... प्रत्येकाचं राज्य वेगळं, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कथेचा नायक फ्लॅश त्यांना जोडत जातो तेव्हा कुठे सिंहासन डळमळतं. त्यात घरातच फितुरी! मुलगी ऑरा आधी फ्लॅशवर भाळते, पुढे बॅरिनशी लग्न करते.

मला टोचतं ते वेगळंच. जानेवारी १९३४ मध्ये ही चित्रमालिका सुरू झाली तेव्हा मिंगची पिवळी कातडी, लोंबत्या मिशा, चिनी राजघराण्याचं नाव, हे सगळं त्या काळच्या अमेरिकेत आशियाई माणसांबद्दल असलेल्या भीतीतून आलेलं होतं. अ‍ॅलेक्स रेमंड या तिच्या चित्रकाराची रेषा मी तासन्‌तास बघू शकतो, इतकी ती देखणी आहे. पण तो पिवळा रंग नजरेआड करता येत नाही. १९३६ च्या पडद्यावरच्या मालिकेतही मिंग झाला तो चार्ल्स मिडलटन हा गोरा अमेरिकन नटच.