पांढरा अवक्षेप आला, पण आयन नेमका कोणता?

रसायनजिज्ञासू (प्रश्न):
माध्यमिक रसायनशास्त्रातील आयन आणि वायू ओळखण्याच्या चाचण्यांचा तक्ता मला तोंडपाठ आहे. परंतु अज्ञात क्षार समोर आला की तो तक्ता अपुरा पडतो. सोडिअम हायड्रॉक्साइडचे द्रावण घातल्यावर पांढरा अवक्षेप, म्हणजे द्रावणातून वेगळा होणारा अविद्राव्य घन पदार्थ, आला आणि तेच द्रावण आणखी घातल्यावर तो विरघळला, तर झिंक म्हणावे की ॲल्युमिनिअम? क्लोराइड ओळखताना सिल्व्हर नायट्रेटच्या आधी विरल नायट्रिक आम्लच का घालायचे आणि सल्फेटच्या चाचणीत मात्र हायड्रोक्लोरिक आम्ल कसे चालते? शिवाय, चुन्याची निवळी दुधाळ झाली म्हणजे वायू कार्बन डायऑक्साइडच आहे, असे खात्रीने म्हणता येते का? जाणकारांनी कारणांसह समजावून सांगावे, ही विनंती.

परीक्षानळी:
आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर असे की, सोडिअम हायड्रॉक्साइडच्या एकट्या चाचणीवरून झिंक आणि ॲल्युमिनिअम वेगळे करता येतच नाहीत. दोघांचीही हायड्रॉक्साइडे उभयधर्मी, म्हणजे आम्ल आणि अल्कली या दोन्हींशी अभिक्रिया करणारी, असल्यामुळे ती अल्कलीच्या आधिक्यात विरघळून रंगहीन द्रावण देतात. म्हणून मूळ द्रावणाचा ताजा भाग दुसऱ्या परीक्षानळीत घेऊन त्यात अमोनियाचे जलीय द्रावण घालावे. पांढरा अवक्षेप येऊन अमोनियाच्या आधिक्यात विरघळला तर आयन झिंकचा असतो, कारण झिंक अमोनियाबरोबर विद्राव्य जटिल आयन (धातूच्या आयनाला अमोनियाचे रेणू जोडले जाऊन बनलेला आयन) तयार करते. ॲल्युमिनिअम तसे करत नाही आणि अमोनियाच्या द्रावणात हायड्रॉक्साइड आयनांचे प्रमाणही कमी असते, त्यामुळे त्याचा अवक्षेप तसाच राहतो. कॅल्शिअमचा पांढरा अवक्षेप सोडिअम हायड्रॉक्साइडच्या आधिक्यातही टिकतो आणि अमोनियाने बहुधा येतच नाही, म्हणून तिथे गोंधळाचे कारण नाही.

खरी अडचण बहुतेक वेळा हातात असते. परीक्षानळीत एकदम भरपूर अल्कली ओतली, तर अवक्षेप तयार होता होताच विरघळतो आणि विद्यार्थी प्रामाणिकपणे ‘अवक्षेप नाही’ अशी नोंद करतो. अल्कली ड्रॉपरने थेंबाथेंबाने घालावी, प्रत्येक वेळी नळी हलवावी आणि पहिल्या दोन-तीन थेंबांनंतर काय दिसते ते लगेच लिहून ठेवावे. ‘आधिक्यात’ काय झाले, ही नोंद त्यानंतरची. हाच संयम लोहाच्या बाबतीतही लागतो. आयर्न दोनचा (Fe²⁺ आयनाचा) हिरवा अवक्षेप थोडा वेळ ठेवला की हवेला लागलेल्या वरच्या थरापासून तपकिरी होऊ लागतो, कारण हवेतील ऑक्सिजनमुळे त्याचे ऑक्सिडीकरण होते. उशिरा पाहणाऱ्याला तो आयर्न तीनचा (Fe³⁺ आयनाचा) वाटू शकतो.

काचकांडी:
वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. आपल्या अभ्यासक्रमात शिशाचा आयन असेल, तर ‘सोडिअम हायड्रॉक्साइडच्या आधिक्यात विरघळणारा आणि अमोनियाच्या आधिक्यात न विरघळणारा पांढरा अवक्षेप’ हे वर्णन ॲल्युमिनिअमइतकेच शिशालाही लागू पडते. अशा वेळी मूळ द्रावणात पोटॅशिअम आयोडाइड घालावे. शिसे असल्यास लेड आयोडाइडचा ठळक पिवळा अवक्षेप येतो, ॲल्युमिनिअम असल्यास येत नाही.

आता आम्लांविषयी. आम्ल घालण्याचा हेतू कार्बोनेटसारखे आड येणारे आयन आधीच नाहीसे करणे हा असतो, कारण सिल्व्हर कार्बोनेट आणि बेरिअम कार्बोनेट हेही पाण्यात अविद्राव्य आहेत आणि त्यांचे अवक्षेप पाहणाऱ्याची फसगत करतात. मात्र जो आयन शोधायचा आहे तोच आम्लातून आत येता कामा नये. हायड्रोक्लोरिक आम्लात स्वतःचेच क्लोराइड आयन असल्यामुळे ते सिल्व्हर नायट्रेटच्या चाचणीत घातले, तर पांढरा अवक्षेप हमखास येईल आणि त्यावरून नमुन्याबद्दल काहीही कळणार नाही. सल्फेटच्या चाचणीत सल्फ्युरिक आम्ल वर्ज्य असते तेही याच न्यायाने. तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल चालते, कारण बेरिअम क्लोराइड विद्राव्य असते; किंबहुना नमुन्यात सल्फाइट असण्याची शक्यता असल्यास तेच अधिक बरे, कारण नायट्रिक आम्ल सल्फाइटचे ऑक्सिडीकरण करून सल्फेट तयार करू शकते.

यातूनच आणखी एक खबरदारी निघते. कार्बोनेट तपासण्यासाठी ज्या नळीत हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, त्याच नळीत पुढे क्लोराइड शोधू नये. प्रत्येक चाचणीला नमुन्याचा नवा भाग घ्यावा. ही सूचना प्रयोगवहीत छापलेली असते, पण तिच्यामागचे कारण क्वचितच सांगितले जाते.

रसायनजिज्ञासू:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. क्लोराइड आणि ब्रोमाइड यांच्या अवक्षेपांमधला पांढरा आणि फिकट पिवळसर हा फरक मला डोळ्यांनी नीट ओळखता येत नाही, त्यासाठी काही उपाय आहे का? वायूंबद्दलची शंकाही अजून शिल्लक आहे.

काचकांडी:
रंगावर विसंबू नका, अमोनिया वापरा. सिल्व्हर क्लोराइड विरल अमोनियात विरघळते, सिल्व्हर ब्रोमाइडला संहत अमोनिया लागतो आणि सिल्व्हर आयोडाइड दोन्हींत विरघळत नाही.

निवळी:
वायूंविषयी मी लिहिते. चुन्याची निवळी सल्फर डायऑक्साइडनेही दुधाळ होते, कारण कॅल्शिअम सल्फाइट हेही कॅल्शिअम कार्बोनेटप्रमाणे पांढरे आणि अविद्राव्य असते. वायू जास्त वेळ सोडल्यावर निवळी पुन्हा स्वच्छ होते, ही खूणही दोघांत समान असल्यामुळे ती इथे निरुपयोगी ठरते. त्यामुळे आम्लयुक्त पोटॅशिअम डायक्रोमेटमध्ये भिजवलेला गाळणकागद वायूच्या वाटेत धरावा. नारिंगी रंग हिरवा झाला तर क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) करणारा सल्फर डायऑक्साइड आहे, कार्बन डायऑक्साइडने रंगात काहीच फरक पडत नाही. दोन्ही वायू एकत्र असण्याची शंका असल्यास वायू आधी डायक्रोमेटच्या द्रावणातून आणि मगच निवळीतून जाऊ द्यावा. निवळी वापरण्यापूर्वी ती स्वच्छ आहे ना, हेही पाहावे. बाटली उघडी राहिली तर हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे ती आधीच गढूळ झालेली असते. सल्फर डायऑक्साइड विषारी असल्याने हा प्रयोग खेळत्या हवेत आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.

अमोनियाबाबत मात्र असा घोळ होत नाही, कारण शालेय पातळीवर भेटणाऱ्या वायूंमध्ये ओला तांबडा लिटमस निळा करणारा तो एकटाच आहे.

परीक्षानळी:
वायू अमोनिया आहे हे निश्चित झाले, तरी तो कोठून आला हा प्रश्न उरतोच. नायट्रेट ओळखताना सोडिअम हायड्रॉक्साइड आणि ॲल्युमिनिअमची पत्री घालून द्रावण तापवतात, तेव्हा नायट्रेटचे क्षपण होऊन अमोनिया सुटतो; परंतु अमोनिअम क्षारातून तो पत्रीशिवायही, केवळ अल्कलीबरोबर तापवल्याने सुटतो. म्हणून आधी फक्त सोडिअम हायड्रॉक्साइड घालून द्रावण मंद आचेवर तापवावे, लिटमस निळा होणे पूर्णपणे थांबेपर्यंत थांबावे आणि त्यानंतरच पत्री टाकून नव्या लिटमसने पुन्हा तपासावे.