‘जंतुनाशक’ जखमेचं की फरशीचं?

वेणी: मधुमेहींनी पायाची जखम घरी कशी जपावी, याचं पत्रक मराठीत करतेय. मूळ मजकुरात अँटिसेप्टिक (अंगाला, जखमेला लावायचं) आणि डिसइन्फेक्टंट (फरशी, वस्तूंवर वापरायचं) असे दोन शब्द आहेत, माझ्याकडून दोन्हींचं ‘जंतुनाशक’ झालं. शेजारच्या मावशींनी मसुदा वाचून विचारलं, “म्हंजे फिनेलनं धुवायची का जखम?” पोटात गोळाच आला. वेगळे शब्द सुचवा.

पूर्वापार: अँटिसेप्टिकला ‘पूतिरोधक’ आहे की! पूति म्हणजे कुजणं, दुर्गंधी. आपला ‘पू’ त्याच कुळातला. ग्रीक ‘सेप्सिस’चा अर्थही कुजणंच. घरचा शब्द धूळ खात ठेवायचा कशाला?

ड्रेसिंगवाली: वीस वर्षं सोलापुरात जखमा बांधतेय. हा शब्द एकाही पेशंटच्या तोंडून ऐकला नाही. लाल औषध, जांभळं औषध, स्पिरिट, एवढंच. पूर्वभागातल्या आज्ज्या तर तेलुगूत ‘मंदु’ म्हणजे औषध म्हणतात, झालं. ‘अंगाचं औषध’ आणि ‘फरशीचं औषध’ लिहा.

मोहोळकर: ‘औषध’वर भिस्त नको. आमच्याकडे ‘औषध मारलं’ म्हणजे पिकावर फवारलं. आणि कुणी ‘औषध पिलं’ म्हटलं की अख्खं गाव दवाखान्याकडे धावतं. एकाच शब्दात बरं करणारंही आणि जीव घेणारंही.

पूर्वापार: म्हणूनच नेमकी संज्ञा हवी.

ड्रेसिंगवाली: संज्ञेनं काय होणार? ब्रिटिश सर्जन लिस्टरनं १८६७ साली जखमांवरच्या ज्या कार्बोलिक आम्लाबद्दल लिहिलं, ते फिनॉलच, फरशीच्या जंतुनाशकातही वापरतात ते. सांडलेल्या रक्तावर आम्ही १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचमधलं द्रव्य) ओततो, आणि पहिल्या महायुद्धात त्याच्याच अर्धा टक्क्याच्या द्रावणानं सैनिकांच्या जखमा धुतल्या. द्रव्य तेच. किती पातळ केलं आणि कुठं लावलं, फरक त्यात.

अनुस्वार: त्याहून मोठा घोळ ‘निर्जंतुक’चा. कोरोनात रस्ते फवारून ‘निर्जंतुक केले’ म्हणायचे! बीजाणू, म्हणजे जंतूचं सगळ्यात चिवट रूप, तोसुद्धा उरला नाही तर निर्जंतुक. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) १२१ अंश सेल्सिअसवर १५ मिनिटं ठेवल्यावर तो शब्द वापरावा.

मोहोळकर: लोक वापरतात तोच अर्थ. रस्ता ‘जंतुमुक्त’ म्हटल्यानं काय फरक पडला?

अनुस्वार: पडतो. उद्या कुणी फवारलेली सुई निर्जंतुक समजेल.

वेणी: पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. सध्या ‘जखमेवर लावायचं जंतुनाशक’ असं लिहून खाली ठळक अक्षरांत ‘फिनेल जखमेला लावू नये’ घातलंय. चालेल?

पूर्वापार: ‘फिनेल’ नव्हे, ‘फिनाईल’.

ड्रेसिंगवाली: आमच्या गल्लीत फिनेलच. तेच ठेव गं.