लग्नातल्या उभ्या फ्रेमसाठी फ्लॅश ब्रॅकेट: कोणता घेऊ?

छायावेध

नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली, इंदूरात लग्नाचे फोटो काढते. बहुतेक कामं रामबाग, सुदामानगर, लोकमान्यनगरकडच्या मराठी घरांतली. निकॉन डी७५०, २४-१२० लेन्स आणि एसबी-७०० फ्लॅश. तिन्ही सेकंडहँड घेतलेत, पण आता हाताला बसलेत.

अडचण उभ्या फ्रेमची आहे. कॅमेरा उभा धरला की फ्लॅश लेन्सच्या डावीकडे जातो आणि फोटोत माणसाच्या उजवीकडे भिंतीवर काळी सावली उमटते. मागच्या महिन्यात नवरी गौरीहरावरून उठली आणि आजींनी तिला जवळ घेतलं. हॉलची भिंत फिक्या पिस्ता रंगाची, दोघी भिंतीला जवळजवळ टेकलेल्या. आजींना फार वेळ उभं राहवत नव्हतं. चार फोटो मिळाले, चारही उभे. अल्बम दाखवायला गेले तेव्हा आजींनी फोटोवर बोट ठेवून विचारलं, "हिच्या खोप्यामागे हे काळं काय आहे गं?" दोन रात्री बसून मी ती सावली संगणकावर पुसली, पण मुंडावळ्यांच्या मोत्यांलगतची कड काही केल्या नीट निघाली नाही. आजी-नातीचे त्या दिवसाचे तेवढेच फोटो होते, म्हणून जास्त लागलं.

तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, त्याआधी ब्रॅकेट, म्हणजे फ्लॅशला लेन्सच्या वर धरणारा सांगाडा, घ्यायचाय. फ्लॅशचा हात फिरणारा घेऊ की कॅमेराच फिरवणारा? डावं मनगट थोडं दुखरं आहे, म्हणून वजनाची काळजी वाटते. आणि फ्लॅश कॅमेऱ्यापासून सुटा झाला की टीटीएल, म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅश आपोआप कमी-जास्त होणं, चालतं का?

मालवा_क्लिक

ताई, आधी ब्रॅकेटशिवाय काय होतं ते सांगतो. हॉलचं छत पांढरं आणि दहा-अकरा फुटांवर असेल तर फ्लॅशचं डोकं छताकडे वळवा. कॅमेरा उभा असला तरी डोकं फिरवून छताकडे करता येतं, आणि मग सावलीचा प्रश्नच राहत नाही. पण आपल्याकडे निम्मी लग्नं गार्डनमध्ये असतात. वर उघडं आकाश, नाहीतर लाल-केशरी कापडाचा मंडप. कापडावरून उजेड परतवला तर नवरीचा शालूच काय, चेहराही केशरी येतो. तिथे थेट फ्लॅशच लागतो.

दुसरा उपाय म्हणजे आडवा काढून उभा कापणं. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो ६०१६ × ४०१६ पिक्सेलचा. त्यातून उभा तुकडा कापला तर साधारण २६७७ × ४०१६ उरतो. ८ × १२ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) २४०० × ३६०० लागतात, म्हणजे आरामात निघतो. करिझ्मा अल्बमच्या १२ × १८ च्या पूर्ण पानाला मात्र २२० डीपीआयच्या आसपास येतो. चालतो, पण पैठणीच्या काठावर फरक कळतो. शिवाय उभ्या माणसाचे पाय आणि डोकं आडव्या फ्रेममध्ये बसवायचे तर मागे सरकावं लागतं, आणि मंगलाष्टकांच्या वेळी मागे सरकायला जागा कुठे असते?

जुना_डार्करूम

छायावेधताई, तुमची आजींची गोष्ट वाचली आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी इंदूरात १९८४ पासून लग्नं काढतो आहे. सुरुवातीला हातात यशिका मॅट १२४जी होता. १२० चा रोल, बारा फोटो, चौकोनी निगेटिव्ह. चौकोनाला उभं-आडवं नसतं, त्यामुळे कॅमेरा वळवायची वेळच येत नसे. फ्लॅश बाजूच्या पट्टीवरून काढून डाव्या हातानं डोक्यावर उंच धरायचा, की सावली माणसाच्या पाठीमागे खाली जायची. ३५ मिलिमीटरचा कॅमेरा आला, त्याच्याबरोबर उभी फ्रेम आली, आणि तुमची ही सावलीसुद्धा तेव्हाच आली.

सावली किती सरकते ते वहीत आकृती काढून पाहा. माणूस तुमच्यापासून दोन मीटरवर, भिंत त्याच्या मागे एक मीटर. फ्लॅश लेन्सच्या बाजूला १५ सेंटीमीटर असेल, तर भिंतीवरची सावली त्याच्या निम्मी, साडेसात सेंटीमीटर बाजूला सरकलेली दिसते. ती कानामागून बाहेर डोकावते. तोच फ्लॅश लेन्सच्या बरोबर वर २५ सेंटीमीटर नेला की सावली साडेबारा सेंटीमीटर खाली उतरते आणि खांद्याआड जाते. ब्रॅकेटचं काम एवढंच: फ्रेम आडवी असो वा उभी, फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर राहिला पाहिजे. डोळे लाल येणंही कमी होतं, कारण फ्लॅश लेन्सपासून लांब जातो. आणि माणसं भिंतीपासून हातभर पुढे आली तर निम्मं काम तिथेच होतं. आजींना सांगता येत नाही हे मला समजतं, पण इतरांना सांगत जा.

आता दोन प्रकार. हात फिरणाऱ्यात तुम्ही कॅमेरा ब्रॅकेटसकट उभा करता आणि वरचा हात झटक्यात ९० अंश वळवून फ्लॅश पुन्हा वर आणता. स्ट्रोबोफ्रेमचे हे फार प्रसिद्ध आहेत. हलके, साधे, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. दुसऱ्यात फ्लॅश जागेवर राहतो आणि कॅमेराच ब्रॅकेटच्या आत फिरतो. कस्टम ब्रॅकेट्सचे तसे मिळतात. फिरवणं गुळगुळीत होतं, पण धातू जास्त, म्हणून वजनही जास्त. मनगट दुखतंय तर माझं मत हात फिरणाऱ्याला.

घेताना कॅमेरा बरोबर न्या आणि दुकानातच लावून पाहा. खालच्या पट्टीला मागून कड हवी, नाहीतर एकाच स्क्रूवर कॅमेरा हळूहळू फिरतो आणि ऐन कन्यादानात लेन्स तिरकी होते. मी एकदा सियागंजातून अॅल्युमिनियमची पट्टी आणून घरीच ब्रॅकेट बनवला होता. कड नव्हती, आणि पट्टी पातळ होती. चालताना फ्लॅश डोलायचा. एका लग्नात तो सैल होऊन लाजाहोमाच्या कुंडाकडे झुकला. तो दिवस अजून विसरलो नाही. म्हणून वरचा हात हलवून बघा, खडखडत असेल तर घेऊ नका. पट्टी लावल्यावर बॅटरीचं झाकण उघडतं का तेही पाहा. डी७५० मध्ये बॅटरी खालून निघते.

टीटीएल चालतं. निकॉनची एससी-२८ कॉर्ड घ्या. तिच्या एका टोकाच्या पायाला खालून स्टँडच्या स्क्रूचा आटा आहे, तो थेट ब्रॅकेटवर बसतो. एससी-२९ मध्ये कॅमेऱ्याकडच्या टोकाला फोकसला मदत करणारा दिवाही आहे. गोरज मुहूर्ताला, दिवेलागणीच्या अंधारात, तो दिवा कामाचा.

एक गोष्ट बहुतेक जण सांगत नाहीत. कॅमेरा उभा झाला तरी फ्लॅशचं डोकं ब्रॅकेटवर आडवंच राहतं, म्हणून उजेड आडवा पसरतो आणि तुमची फ्रेम उभी असते. २४ मिलिमीटरवर काढलं तर नवरीचे जोडवे घातलेले पाय आणि वरचं मंडपाचं तोरण अंधारात जातं. तेव्हा फ्लॅशच्या पुढची, उजेड पसरवणारी रुंद काच ओढा. उजेड कमी पडेल असं वाटत असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ८०० ठेवा. एसबी-७०० चा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचं माप, ३५ मिलिमीटरला आयएसओ १०० वर २८ मीटर आहे, ८०० वर तो जवळजवळ ७९ होतो. रुंद काचेनं त्यातला बराच गेला तरी स्टेजच्या अंतराला पुरतं.

आणि घरात कुणाचा जुना व्हिविटार २८३ पडला असेल तर तो कॅमेऱ्याला किंवा कॉर्डला जोडू नका. त्यांतल्या काही जुन्या फ्लॅशच्या ट्रिगरचा दाब २०० व्होल्टच्या वर असतो, डिजिटल कॅमेरा जळू शकतो.

छायावेध

काका, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आकृती वहीत काढली, साडेसात सेंटीमीटर म्हणजे बरोबर त्या खोप्यामागचा डाग!

स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं ठेवलं: कॅमेरा, लेन्स, फ्लॅश, चार सेल मिळून २ किलो २० ग्रॅम. त्यावर ब्रॅकेट. वायर मंडपात कुठे अडकेल अशी भीती आहे. वायरशिवाय फ्लॅश उडवणारा वायरलेस ट्रिगर बरा का?

फेटा_आणि_फोकस

मी गोडॉक्सचा व्ही१ आणि वर ट्रिगर असं वापरते. २.४ गीगाहर्ट्झवर चालतं, वायर नाही. नंतर दुसरा फ्लॅश स्टँडवर मागे ठेवायचा झाला तर तोच ट्रिगर दोन्ही चालवतो, हा मोठा फायदा. पण ट्रिगरलाही सेल लागतात, आणि सप्तपदीच्या मध्यावर ते संपले तर फेरे थांबत नाहीत. तुमच्याकडे एसबी-७०० आहेच, तर आधी कॉर्डच घ्या. कॉर्डचा वेटोळा भाग कापडाच्या पट्टीनं ब्रॅकेटच्या दांड्याला बांधा, लोंबता ठेवू नका.

जुना_डार्करूम

ताई, रविवारी सकाळी घरी या. माझ्याकडे दोन्ही प्रकार आहेत, हातात धरून बघा. पत्ता वेगळ्या निरोपात पाठवतो. पोहे असतीलच.

छायावेध

काकांकडे जाऊन आले. काकू मुद्दाम नऊवारी नेसून भिंतीजवळ उभ्या राहिल्या, नथही घातली होती. कॅमेरा फिरवणारा ब्रॅकेट खरंच लोण्यासारखा फिरतो, पण दहा मिनिटांत मनगट बोलायला लागलं. हात फिरणारा घेऊन अर्धा तास काढले. फरक लगेच दिसला: आधीच्या फोटोत काकूंच्या डाव्या कानामागे काळी रेघ, नंतरच्यात भिंत स्वच्छ. २४ मिलिमीटरवर पदराचा खालचा काठ काळा आला, मग रुंद काच ओढली तेव्हा उजळला.

हात फिरणाराच घेतला. दुकानात तीन लावून पाहिले, एकाच्या पट्टीनं बॅटरीचं झाकण अडवलं, एकाचा हात खडखडत होता. तिसरा घरी आणला. कॉर्ड एससी-२९ घेतली, वेटोळं जुन्या साडीच्या काठानं दांड्याला बांधलंय. मनगटासाठी फोटो काढून झाला की कॅमेरा पट्ट्यावर सोडायची सवय लावते आहे.

त्या आजींच्या घरी फोन केला होता. नात दिवाळसणाला येणार आहे, तेव्हा दोघींचा फोटो पुन्हा काढून देते म्हटलं. आजी म्हणाल्या, "मी तीच साडी नेसते."