टचस्क्रीनशी पहिली झटापट : तुमचे अनुभव लिहा

कढीलिंब
आईच्या बटणांच्या फोनने मान टाकली आणि तिच्या हातात स्मार्टफोन आला. लगेच तक्रार सुरू : "वाजतो, मी हिरवं दाबते, तरी वाजतच राहतो." भावाने शिकवलं, दाबायचं नाही, वर सरकवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी फोन येईपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिले, तेव्हा उलगडा झाला. स्क्रीन काळी असताना फोन आला तर हिरवा गोल वर सरकवावा लागतो. पण ती व्हॉट्सॲप वाचत असेल तर वरच्या बाजूला छोटी पट्टी येते, आणि तिथे नुसतं बोट टेकवायचं असतं. तिथे वर सरकवलं की पट्टी गायब, आणि फोन आपला वाजतोय! एकाच कामाच्या दोन तऱ्हा फोनच्या, आणि "किती वेळा सांगायचं" हे ऐकून घ्यायचं आईने.

तुम्ही किंवा तुमच्या घरचे असे नेमके कुठे अडलात? "आमच्या तीन वर्षांच्या नातवाला सगळं येतं" हे कौतुक कृपया दुसरीकडे.

बांधावरून
आमची शिकवणी शेतातच झाली. २०२१ च्या ऑगस्टात ई-पीक पाहणीचं सरकारी ॲप आलं आणि सातबाऱ्यावर पीक लावायचं काम आपल्याच गळ्यात पडलं. तोवर फोन म्हणजे बोलणं आणि रात्री मोटार चालू करायला जाताना बॅटरी. आता म्हणे वावरात उभं राहून सोयाबीनचा फोटो काढा, लोकेशन चालू ठेवा.

उन्हात काचेवर काही दिसत नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. डोक्यावरून उपरणं घेऊन आत फोन धरला, तेव्हा अक्षरं दिसली. बोटं घामेजलेली, त्यामुळे दाबतो एक आणि उघडतं भलतंच. गट नंबर निवडला, क्षेत्र भरलं, फोटो निघाला, आणि रेंज गेली. मला वाटलं गेलं सगळं पाण्यात. पुतण्या म्हणाला, "काका, फोटो वावरातच काढावा लागतो, पण पाठवायला रेंज लागते. माहिती आत राहते, घरी जाऊन अपलोड करा." हे एक कळलं आणि निम्मी भीती गेली. मग आळीतल्या चार जणांची पाहणी मीच लावून दिली. चहा मात्र एकानेच पाजला.

खडूफळा
निवृत्त शिक्षक. माझी अडचण मराठी टायपिंगची. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणं जमलं नाही, मनाला पटलंही नाही. देवनागरी कळफलक घेतला. जोडाक्षरासाठी अक्षराचा पाय मोडायचा आणि पुढचं अक्षर द्यायचं, हे लवकर आलं. 'दुसऱ्या' मात्र येईना, सारखा रफार होऊन 'दुसर्या' दिसायचं. आयुष्यभर मुलांच्या वह्यांत जे लाल केलं ते आता माझ्याच नावाने गटात फिरणार? नुक्त्याचा ऱ वेगळा असतो, तो घेऊन पाय मोडायचा आणि मग या. हे सापडलं त्या रात्री 'सुऱ्या, वाऱ्यावर, पुढाऱ्यांनी' असं बरंच काही लिहीत बसलो. सौ. म्हणाली, झोपा आता.

मंडईतली मावशी
मी बोलून लिहिते आहे माईकचं बटण दाबून सुनेने दाखवलं मला शाळा नाही फार पण आकडे येतात गिऱ्हाईक स्कॅन करतात आणि डब्यातून आवाज येतो किती आले ते मला आवाज आल्याशिवाय मी भाजी देत नाही नुसता फोन दाखवला तर नाही एकदा एक जण फोनवर म्हणाला मावशी तुम्हाला पैसे पाठवतो पिन टाका मी म्हटलं गल्ल्यात पैसे टाकायला किल्ली कशाला लागते ठेव फोन

कढीलिंब
@मावशी, अगदी बरोबर. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. आणि कुणी फसलंच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा. हा नंबर मी आईच्या फ्रिजवर चिकटवलाय.

सातासमुद्रापलीकडे
बाबा चिपळूणला, मी न्यू जर्सीत. शिकवणी फोनवरूनच. "बाबा, मागे जा." ते खरोखर खुर्ची मागे घेत. नव्या फोनला खाली बटणंच नव्हती, कडेवरून बोट ओढलं की मागे जायचं. जी खूण दिसतच नाही ती फोनवरून दाखवणार कशी? गणपतीत घरी गेलो तेव्हा सेटिंग्जमध्ये नेव्हिगेशन शोधून तीन बटणं परत आणून दिली. आता "डावीकडचं", "मधलं" एवढं म्हटलं की भागतं (काही कंपन्यांच्या फोनमध्ये क्रम उलटा असतो, आधी बघून घ्या). अक्षरं मोठी करण्याच्याही आधी हे करा, असं माझं ठाम मत आहे.

पाटपाणी
आमच्याकडे सासूबाईंचा फोन एके दिवशी स्वतःहून बोलायला लागला. हात लावाल ते वाचून दाखवी, पण उघडेना काहीच. त्यांनी फोन देवघरात नेऊन ठेवला आणि उदबत्ती लावली.

कान देऊन
@पाटपाणी, 😄 ते टॉकबॅक, न दिसणाऱ्यांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारी फोनमधली सोय. आवाजाची दोन्ही बटणं एकदम काही क्षण दाबून धरली गेली की बऱ्याच फोनमध्ये चालू होतं, आणि तसंच बंदही होतं. मला दिसत नाही, त्यामुळे माझा फोन असाच चालतो : एकदा टेकवलं की नाव ऐकायचं, दोनदा टेकवलं की उघडतं, वरखाली जायला दोन बोटं. सुरुवातीला बोलण्याचा वेग इतका कमी ठेवला होता की बसमध्ये शेजारचे लोक माझ्याआधी मेसेज ऐकून हसायचे. आता वेग एवढा वाढवलाय की शेजाऱ्याला काही कळत नाही. मला कुणी "दे इकडे, मी करतो" म्हणून फोन ओढून घेतला की राग येतो. दोनदा टेकवणं त्याला माहीत नसतं, आणि मग तोच विचारतो, "अहो, हा बिघडलाय का?"

पाटपाणी
@कान देऊन, बंद झाला! पण सासूबाई विचारतायत, वर्तमानपत्र वाचून दाखवण्यापुरता चालू ठेवता येतो का?