मदत हवी आहे: बॉन्डची जागा मध्येच बदलून मिळते का?

नमस्कार मंडळी. बायको सरकारी कॉलेजातून स्त्रीरोगात एमएस झाली. एक वर्षाच्या बॉन्डसाठी (म्हणजे शिक्षण झाल्यावरची सक्तीची सरकारी सेवा) नंदुरबार जिल्ह्यातलं एक ग्रामीण रुग्णालय मिळालं, रुजूही झाली. पण तिथे भूलतज्ज्ञच नाही! बाई अडली की सिझर करायचं सोडून १०८ बोलवा आणि जिल्ह्याला पाठवा. मग स्त्रीरोगतज्ज्ञ नेमून उपयोग काय? बॉन्ड मोडायचा तर ५० लाख, तो विषयच नको. तिला जिल्हा सोडायचा नाहीये, फक्त भूलतज्ज्ञ असलेलं उपजिल्हा रुग्णालय हवंय. अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्यायचा की थेट मुंबईला? आणि जागा बदलली तर आधीचे महिने बॉन्डमध्ये धरतात ना? कुणी बदलून घेतली असेल तर अर्जाचा नमुना पाठवा, प्लीज.