विद्यापीठ चौकाचा पूल: वेळ वाचला, पण आवाज मोजला का?

तिसरा मजला
पुण्याच्या विद्यापीठ चौकातला जुना पूल 2020 मध्ये पाडला. त्या जागी मेट्रोसह दुमजली पूल उभा राहिला आणि ऑगस्ट 2025 मध्ये औंधहून शिवाजीनगरकडे जाणारी बाजू सुरू झाली. मी गणेशखिंड रस्त्याला लागून राहतो. पाच वर्षं धूळ खाल्ली, तक्रार केली नाही, कारण पूल हवा होता. आजही हवा आहे.

पण रात्री साडेअकरानंतर जड गाडी पुलाच्या दोन भागांमधल्या जॉइंटवरून गेली की दोनदा धड-धड होतं. पुढचं चाक, मग मागचं. मुलगी बारावीला आहे, कानात कापूस घालून झोपते. चौक सुधारताना वाहनं मोजतात, वाचणारी मिनिटं मोजतात. तसाच आवाज आणि धूळही काम सुरू होण्याआधी आणि पूल चालू झाल्यावर एकाच जागी मोजावी, आकडे लोकांसमोर ठेवावेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

बाणेर ते कॅम्प
तुमच्या मुलीची झोप महत्त्वाची, मान्य. पण चौकात अर्धा अर्धा तास दुचाकीवर बसून पुढच्या बसचा धूर आम्ही गिळला, तो कुणी मोजला? औंध, बाणेर, पाषाण, सेनापती बापट रस्ता आणि गणेशखिंड, पाच बाजूंची गर्दी एका सिग्नलवर यायची. थांबलेलं इंजिन धूर ओकतं आणि अडकलेला माणूस हॉर्न वाजवतो. गाड्या हलल्या की दोन्ही कमी होतात. शिवाय प्रत्येक कामाआधी वर्षभर मोजमाप करत बसलो तर पूल नातवंडांना मिळेल.

तिसरा मजला
वर्षभर कोण म्हणतंय? एक आठवडा पुरे, त्यात कामाचे दिवस आणि रविवार दोन्ही आले. चौकात हॉर्न कमी झाले हे मीही ऐकतो. दिवसा खरंच बरं आहे. त्रास रात्रीचा आहे.

काँक्रीटवाला
पुलांच्या कामावर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. डेसिबलचा हिशोब साधा बेरजेचा नसतो. वाहनं दुप्पट झाली तर आवाज साधारण 3 डेसिबलने वाढतो, निम्मी झाली तर तेवढाच उतरतो. म्हणजे गर्दी कमी केली की शांतता मिळेल ही आशा फार धरू नका. वेग वाढला की इंजिनापेक्षा टायरचा घासा जास्त ऐकू येतो. पुलाचा कठडा तळमजल्याला थोडा आडोसा देतो. पुलाच्या उंचीचे आणि वरचे मजले उघडे पडतात. धड-धड मात्र दुरुस्त होते. जॉइंटचं रबर किंवा पातळी बिघडली असेल तर ते देखभालीचं काम आहे, त्यासाठी पूल वाईट ठरत नाही.

वडाची पारंबी
आणि झाडं? या रस्त्यावरचे जुने वड गेले. 1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली, पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची अट घातली. शंभर वर्षांच्या वडाबदली शंभर रोपं, तीही कुठेतरी शहराबाहेर. त्यांची सावली इथल्या बसथांब्यावर पडणार आहे का? झाडं होती तेव्हा आवाजही अडायचा.

काँक्रीटवाला
सावलीचं आणि धुळीचं पटलं. आवाजाचं नाही. झाडांच्या एका रांगेने आवाज नावापुरता अडतो. गाड्या दिसेनाशा झाल्या की कमी वाटतो, आवाज मोजणारा मीटर तसं सांगत नाही. वडासाठी भांडायला सावली एवढं कारण भरपूर आहे.

बाणेर ते कॅम्प
कायदा काय म्हणतो ते बघा ना. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेत महामार्गांचं नाव आहे, शहरातल्या चौकाचं तसं नाही. मग अधिकाऱ्यांनी मनाने नियम लावायचे का? आणि विद्यापीठ आहे म्हणून शांतता क्षेत्र, असंही आपोआप होत नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर ते राज्य सरकारने जाहीर करावं लागतं.

तिसरा मजला
शांतता क्षेत्राचं बरोबर सांगितलंत, मी चुकीचं धरून चाललो होतो. पण 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सहा 45 डेसिबल आहे. चौकाशेजारचा भाग निवासी धरला असेल, तर ती तिथल्या घरांनाही लागू आहे. मंजुरीची सक्ती नसली म्हणून मोजायला बंदी थोडीच आहे? एका कार्यालयात मी मोबाइलवरचा आकडा दाखवला. मोबाइल चालत नाही म्हणाले. बरोबरच आहे, पण मग पूर्वीचा खरा आकडा मागितला तर समोर काहीच आलं नाही. तुलना करायची कशाशी?

बाणेर ते कॅम्प
हे मात्र पटलं. आधीचा आकडा हाती हवा. कंत्राटातच त्याचा खर्च धरला तर काम अडायचं कारण नाही.

खांबासमोर
आमच्या चौकातही पूल होणार आहे, आत्ता फक्त माती तपासणीचं यंत्र आलंय. म्हणजे अजून वेळ आहे. मीटर कुठे ठेवायला सांगू?

काँक्रीटवाला
पुलाचा रस्ता ज्या उंचीवर येणार त्या मजल्यावर, खिडकीच्या मीटरभर बाहेर. मीटर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे अचूकता तपासून घेतलेला हवा. एक जागा तळमजल्यावरही धरा. रात्रीची नोंद सलग घ्यायला लावा, आणि तारीख, वारा, पाऊस लिहून घ्या. पूल झाल्यावर मीटर त्याच खिडकीत परत यायला हवा.