वरच्या गटात गेल्यापासून भाच्याचे गोल आटलेत. लोनवर पाठवावा का?

मामा_बोलतोय

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज विचारायची वेळ आली. भाचा सतरा वर्षांचा, फुटबॉल अकादमीत सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल करणारा मधला स्ट्रायकर. सतरा वर्षांखालच्या संघात होता तोवर गोलांचा रतीब घालायचा. 'उगवता स्ट्रायकर' म्हणून कुठेकुठे नावही छापून आलं. यंदा वरच्या गटात गेला आणि सगळं आटलं. अर्धा मोसम होत आला, गोल दोन, त्यातला एक पेनल्टीवर. कोच शेवटची वीस मिनिटं उतरवतात, तेही कधीकधी उजव्या विंगवर.

आता खालच्या डिव्हिजनमधल्या एका क्लबने उरलेल्या मोसमासाठी लोनवर, म्हणजे तात्पुरता खेळायला, मागितलाय. तिथे थेट सिनियर संघ, मोठ्या बाप्यांबरोबर खेळायचं. ताई म्हणते, नको, ठोकून काढतील पोराला. भाऊजी म्हणतात, जाऊ दे. पोरगा काहीच बोलत नाही, मोबाईलवर स्वतःचेच जुने गोल बघत बसतो.

मी आयुष्यभर बॅकला खेळलो. गोल न करण्याचा अनुभव दांडगा, पण स्ट्रायकरच्या डोक्यात काय चालतं ते कळत नाही. ज्यांना कळतं त्यांनी सांगा. जावं का लोनवर? आणि सतराव्या वर्षी गोल थांबले म्हणजे खरंच काही संपतं का?

ऑफसाईड_होता_रेफ

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. स्ट्रायकरला गोलांवरच मोजतात. फेडेरिको मॅकेडा आठवतो का? ५ एप्रिल २००९, ॲस्टन व्हिलाविरुद्ध भरपाई वेळेत पाठीवर बचावपटू घेऊन गर्रकन वळला आणि चेंडू लांबच्या पोस्टच्या आतून घातला. वय १७. मँचेस्टर युनायटेड ३-२ ने जिंकली, जगभर नाव झालं. पुढे लोनवर लोन, आणि २०१४ मध्ये युनायटेडने सोडलं. सतराव्या वर्षीच्या 'उगवत्या' मुलांपैकी बहुतेकांचं हेच होतं. शिक्षण सोडू नका म्हणावं, बाकी चालू द्या.

जुना_नऊ_नंबर

मामा, शिक्षणाचं वरच्यांनी बरोबर सांगितलं. बाकी मला पटत नाही. मी खालच्या डिव्हिजनमध्ये नऊ नंबर, म्हणजे सेंटर फॉरवर्डचा नंबर, घालून खेळलो, आता पोरांमधले फॉरवर्ड माझ्याकडे असतात. त्यामुळे जरा लांबड लावतो.

आधी हे बघा की खालच्या गटात तो गोल कशाच्या जोरावर करत होता. पळण्याच्या? अंगाच्या? अकादम्यांमध्ये निवड-वर्षाच्या (ज्या बारा महिन्यांत जन्मलेली मुलं एका वयोगटात धरतात त्याच्या) सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त दिसतात, कारण बाराव्या-तेराव्या वर्षी सात-आठ महिन्यांचा फरक म्हणजे केवढा तरी फरक. तो आधी वाढला असेल तर नुसता चेंडू पुढे ढकलून धावला तरी सुटत असणार. वरच्या गटात तसं होत नाही. तिथला बचावपटू अंगावर धावून येतच नाही. दोन यार्ड सोडून उभा राहतो आणि तुमच्या पहिल्या टचची वाट बघतो. टच जरा लांब गेला की संपलं. चेंडू थांबवून, मान वर करून, मग मारायची सवय असेल तर तो जास्तीचा एक सेकंद आता कुणी देत नाही.

इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केन, त्याची गोष्ट उलट्या बाजूची. जन्म २८ जुलै १९९३, आणि इंग्लंडमध्ये निवड-वर्ष सप्टेंबरला सुरू होतं. म्हणजे आपल्या तुकडीत वयाने जवळपास सगळ्यात लहान. आर्सेनलने आठव्या वर्षीच सोडला, वॉटफर्डमार्गे टॉटनहॅमला आला. मग लोन. २०११ मध्ये लेटन ओरिएंट, लीगमध्ये १८ सामने ५ गोल. २०१२ मध्ये मिलवॉल, २२ सामने ७ गोल. नॉर्विचला गेला तर पायाचं हाड मोडलं, लीगचे सामने जेमतेम ३. लेस्टरला १३ सामने, २ गोल. वॉटफर्डविरुद्धच्या प्ले-ऑफला (वरच्या डिव्हिजनमध्ये जायच्या सामन्याला) तो बेंचवर, आणि त्याच बेंचवर जेमी वार्डी, तोही पुढे नावाजलेला स्ट्रायकर! त्या दिवशी या धाग्यावर विचारलं असतं तर वरच्या मित्रांनी दोघांनाही शिक्षण पूर्ण करायला पाठवलं असतं.

टॉटनहॅमकडून लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीच्या अकरांत आला तो एप्रिल २०१४ मध्ये, सुंदरलँडविरुद्ध, आणि गोल केला. पुढच्या मोसमात लीगमध्ये २१, सगळं मिळून ३१.

पण केनचं नाव घेऊन 'लोनवर जा, सोनं होईल' असं मी म्हणणार नाही. त्या चारपैकी कामाची ठरली ती मिलवॉलची लोन, असं माझं मत. संघ खाली घसरायच्या भीतीत होता, मैदानावरच्या प्रत्येकाला गुण हवे होते. अकादमीच्या सामन्यात हरलं तर बसमध्ये गाणी चालू असतात. सिनियर संघात हरलं तर सेंटर बॅकचा बोनस जातो, आणि तो ते तुम्हाला ऐकवतो. सतराव्या वर्षी स्ट्रायकरने हे ऐकलेलं बरं.

म्हणून त्या क्लबबद्दल एकच गोष्ट खोदून विचारा: पोराला मागितलंय कुणी? खुद्द हेड कोचने मागितला असेल तर पाठवा. ऑफिसातल्या कुणी मागितला असेल आणि कोचला त्याचा खेळ माहीत नसेल, तर तिथेही बेंचच. तो कोच किती दिवस टिकणार आहे हेही बघा. कोच बदलला की लोनवरचा पोरगा पहिला बाहेर बसतो. करारात मधूनच परत बोलावायची सोय आहे का, ते भाऊजींना वाचायला सांगा.

मैदानावरची_फिजिओ

ताईंच्या बाजूने कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. त्यांची भीती खरी आहे, फक्त जागा चुकतेय. धक्काबुक्कीने मुलं क्वचित मोडतात. मोडतात ती न थांबता खेळून.

लिव्हरपूलचा स्ट्रायकर मायकेल ओवेन बघा. १९९७-९८ मध्ये लीगमध्ये १८ गोल, पुढच्या मोसमात पुन्हा १८, मध्ये वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाविरुद्धचा तो गोल. हे सगळं वयाची वीस वर्षं व्हायच्या आत. एप्रिल १९९९ मध्ये लीड्सविरुद्ध हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) फाटली. २००१ चा बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) त्यानंतर मिळाला हे खरं, पण ती मांडी पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही आणि त्याचा सगळा खेळ त्या पहिल्या दहा यार्डांवरच उभा होता.

लोनवर जाणार असेल तर त्याच्या आठवड्याचा हिशेब ठेवणारी एकच व्यक्ती हवी. अकादमीचा ट्रेनर एक सांगतो, नवा क्लब दुसरं, आणि मुलगा दोघांनाही 'हो' म्हणतो. नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचा व्यायाम (गुडघ्यांवर बसायचं, दुसऱ्याने घोटे धरून ठेवायचे आणि अंग हळूहळू पुढे सोडायचं) मोसमभर चालू ठेवायला सांगा. सुरुवातीला मांड्या भरून येतात म्हणून मुलं टाळतात. पण हॅमस्ट्रिंगच्या दुखापती यामुळे कमी होतात, याबद्दल आमच्यात फारसं दुमत नाही.

मामा_बोलतोय

सगळ्यांचे आभार, ऑफसाईडवाल्यांचे पण. विचारून आलो. हेड कोचनेच मागितलाय, दोनदा सामना बघायला येऊन गेले म्हणे. ताईला फिजिओ मॅडमचा मजकूर वाचून दाखवला, निम्मी तयार झाली.

नऊ नंबर, दोन गोष्टी राहिल्या. विंगवर खेळवतात त्याचं काय? तो म्हणतो, ही शिक्षा आहे. आणि ते जुने गोल बघत बसणं मोडायचं कसं?

जुना_नऊ_नंबर

विंग शिक्षा नाही. फ्रान्सचा स्ट्रायकर थिएरी ऑन्री मोनॅको आणि युव्हेंटसला बाजूनेच खेळत होता. १९९९ मध्ये आर्सेनलला आला, मधे खेळवला, तर पहिल्या ८ सामन्यांत एकही गोल नाही. त्या मोसमाच्या अखेरीला २६ होते. आणि डावीकडून तिरपं आत यायची विंगवरची सवय त्याने कधी सोडलीच नाही, अर्धे गोल तिथूनच आले असतील. भाच्याला सांगा, विंगवर असताना क्रॉस मारणाऱ्याला काय दिसतं ते शिकून घे. नंतर मधे उभा राहशील तेव्हा कामी येईल.

गोल बघण्याबद्दल. बघू दे, पण गोलच्या आधीचे तीन सेकंद बघायला लावा. चेंडू विंगवर असताना बचावपटू एक तर चेंडूकडे बघू शकतो, नाहीतर तुमच्याकडे. दोन्ही एकदम जमत नाही. चांगला नऊ नंबर त्याच्या मागच्या खांद्याआड उभा राहतो, एक पाऊल लांबच्या पोस्टकडे टाकून त्याला तिकडे खेचतो, आणि विंगरने चेंडू मारायला मान खाली घातली की जवळच्या पोस्टकडे सुटतो. मान खाली गेली की निघायचं, पाय चेंडूला लागेपर्यंत थांबलं तर उशीर झाला. जुन्या गोलांत हे तो करतोय का, की नुसता पळून पुढे गेलाय, ते त्याचं त्यालाच दिसेल. रागावणार आधी, हे धरून चाला.

बोलत नाही हे मात्र हलक्यात घेऊ नका. बोयान क्रकिच २००७ मध्ये सतराव्या वर्षी बार्सिलोनाकडून उतरला, 'नवा मेस्सी' म्हणून सगळ्यांनी डोक्यावर घेतला. २००८ च्या युरोला गेला नाही. तेव्हा वेगळंच कारण सांगितलं गेलं, आणि अस्वस्थतेचे झटके यायचे हे त्याने बऱ्याच वर्षांनी स्वतः सांगितलं. घरात सामन्यानंतरचा पहिला प्रश्न 'गोल केलास का?' हा असेल तर तो बंद करा. भाऊजींना विशेष सांगा, बापांना हे जड जातं. झोप उडाली, जेवण तुटलं असं काही दिसलं तर सरळ डॉक्टर गाठा, कोचची वाट बघू नका.

ऑफसाईड_होता_रेफ

बरं, ऑन्रीपुढे माझं काही चालत नाही. पण नव्या क्लबात तो सुधारतोय की नाही हे गोल न मोजता कळणार कसं?

जुना_नऊ_नंबर

बॉक्समधून, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनातून, मारलेले फटके मोजा. गोल झाले नाहीत तरी चालेल, पण सामन्याला दोन-तीन वेळा तो मारायच्या जागी पोचतोय का ते बघा. आज गोलांसाठीच ओळखला जाणारा हालांड नॉर्वेतल्या ब्रिने क्लबच्या सिनियर संघाकडून १६ सामने खेळला तेव्हा गोल शून्य होते. नुसता आकडा वाचणाऱ्याने तिथेच पाटी कोरी म्हणून पान उलटलं असतं.

आणि मामा, तुम्ही जाल तेव्हा चेंडूमागे नजर फिरवू नका, सगळा वेळ त्याच्यावर ठेवा. ऑफसाईड (पास सुटायच्या आधीच बचावपटूंच्या पुढे) किती वेळा होतो तेही टिपा. एकदा-दोनदा झाला तर चांगलंच आहे. मोसमभर एकदाही झाला नाही, तर समजा तो अजून चेंडू सुटल्यावर निघतोय.